७५ रुपये आणि २० वर्षं

शिक्षकांना महिना ७५ रुपये पगार आणि २० वर्षांची बांधिलकी. पुण्याचं फर्ग्युसन महाविद्यालय या दोन अटींवर उभं राहिलं. दगडी इमारत, वाडिया ग्रंथालय, ॲम्फी थिएटर हे सगळं नंतर आलं. बाहेरच्या रस्त्यावरची गर्दी तर फारच नंतरची. एफसी रोडवर रोज येणाऱ्या किती जणांना या अटी ठाऊक असतील, कोण जाणे. मला मात्र त्या कॉलेजच्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट वाटतात.

आधी शाळा आली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली आणि टिळक, नामजोशी यांच्याबरोबर जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढलं. एम.ए. होताच आगरकरही त्यांना येऊन मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी कॉलेज. नाव दिलं ते मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचं. पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे. त्यांचा संस्कृत कोश आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो. सुरुवातीची वर्षं पेठेतल्या वाड्यांतच गेली.

संस्थेची घडण आजच्या खासगी कॉलेजांपेक्षा अगदी वेगळी होती. मालक कुणीच नव्हता. शिकवणारे होते तेच ‘आजीव सदस्य’ आणि तेच कारभारी. पैसा कुठून आणायचा, तो कशावर खर्च करायचा, नवा माणूस घ्यायचा की नाही, हे वर्गात शिकवणारी मंडळीच संध्याकाळी बसून ठरवायची. सरकारी नोकरीत त्यांना कितीतरी अधिक मिळालं असतं. मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून मी माझा सगळा वेळ लोकांच्या हितासाठी देणार आहे, असं आगरकरांनी आईला कळवलं होतं. ते पत्र प्रसिद्ध आहे, पण आपण त्यातला त्याग तेवढा पाहतो. ही माणसं कमी पगारात राबली हे खरंच; पण ज्या घरासाठी राबली ते त्यांचं स्वतःचं होतं.

म्हणूनच त्यांची भांडणंही जीव तोडून झाली. आजीव सदस्यानं आपली सगळी शक्ती संस्थेलाच द्यावी, बाहेरची कमाई करू नये, असा टिळकांचा आग्रह होता. जेझुइट पाद्र्यांची शिस्त त्यांच्या डोळ्यांपुढे होती. दुसऱ्या बाजूला काही जण पाठ्यपुस्तकं लिहीत होते आणि आजीव सदस्यांपैकीच गोपाळ कृष्ण गोखले यांच्याकडे सार्वजनिक सभेचं चिटणीसपद आलं होतं. वाद विकोपाला गेला आणि १८९० च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला. या भांडणात कोण बरोबर होतं याचा निवाडा मला करता येत नाही. मला मोलाचं वाटतं ते भांडणाचं कारण. शिक्षकानं संस्थेला किती द्यायचं, हा प्रश्न शिक्षकच एकमेकांना विचारत होते.

टिळक गेले आणि गणित शिकवायला धोंडो केशव कर्वे आले, तेही आजीव सदस्य झाले. १८९२ मध्ये आपट्यांचं निधन झालं आणि आगरकर प्राचार्य झाले. पुढच्याच वर्षी विधुर कर्व्यांनी विधवेशी, गोदूबाईंशी, विवाह केला. त्यांच्या मूळ गावच्या, मुरूडच्या, गावकीनं त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुण्यात मात्र त्यांच्या नोकरीला धक्का लागला नाही. त्या काळी दुसऱ्या कुठल्या संस्थेत हे निभावलं असतं, याची मला खात्री नाही. पुढे हिंगण्याला त्यांच्या विधवांसाठीच्या आश्रमाची झोपडी उभी राहिली आणि कर्वे कॉलेज आटोपून मैलोन्‌मैल चालत तिथं जात राहिले. १९१४ पर्यंत ते फर्ग्युसनमध्ये होते. विधवांच्या शिक्षणाचं त्यांचं काम ज्या निश्चिंतीवर उभं होतं, ती गणिताच्या या नोकरीतून आलेली होती.

१८९५ मध्ये कॉलेज आजच्या जागी आलं. तो भाग तेव्हा भांबुर्डा, शहराबाहेरचं माळरान. त्याच वर्षी जूनमध्ये आगरकर गेले, वयाची चाळिशीही न गाठता. गोखले मात्र पडेल तो विषय शिकवत राहिले. गणित, इंग्रजी साहित्य, इतिहास, अर्थशास्त्र, काहीही. सुट्ट्यांत ते देणग्यांसाठी फिरायचे. १९०२ मध्ये ते बाहेर पडले आणि १९०५ मध्ये कॉलेजमागच्याच टेकडीवर त्यांनी स्थापलेल्या भारत सेवक समाजाच्या पहिल्या सदस्यांनी शपथ घेतली. तुटपुंज्या वेतनावर आयुष्य वाहून घ्यायची तीच रीत, खालच्या वर्गांतून टेकडीवर गेलेली.

गोखले कॉलेजातून बाहेर पडले त्याच वर्षी, १९०२ मध्ये, रँग्लर परांजपे प्राचार्य झाले. केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन आलेला सव्वीस वर्षांचा हा तरुण कुठंही गेला असता; तो परत आपल्या कॉलेजात आला. त्यांच्याच कारकिर्दीत, १९०५ मध्ये, परदेशी कपड्यांच्या होळीबद्दल वसतिगृहातल्या विनायक सावरकरांना १० रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावं लागलं. टिळकांनी या शिक्षेवर ‘केसरी’तून कडक टीका केली. सावरकरांची ती खोली आजही जपून ठेवलेली आहे. या परांजप्यांच्याच घरी वाढलेल्या इरावती पुढे इथंच तत्त्वज्ञान शिकल्या आणि इरावती कर्वे म्हणून मानववंशशास्त्रात मोठ्या झाल्या. धर्मानंद कोसंबींनी इथं पाली शिकवली, तर त्यांच्या मुलानं, दामोदर कोसंबींनी, गणित. नाणी तोलत, भर्तृहरीच्या पोथ्या ताडून पाहत दामोदर कोसंबी इतिहासाकडे वळले ते इथल्या वर्षांतच. गणिताच्या मास्तरानं पोथ्या कशाला उघडायच्या, असं विचारायला कुणी आलं नसावं.

मी शिकलो ते कॉलेज वेगळं, पण पुण्यातल्या कॉलेजांचं आयुष्य सगळीकडे सारख्याच गोष्टींनी बनतं. कट्टा, कँटीनचा चहा, सबमिशनच्या आदल्या रात्रीची धावपळ आणि पावसाळ्यात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमी. भरत नाट्य मंदिरात ‘अरे आव्वाज कुणाचा’ ऐकलं की आजही अंगावर काटा येतो. त्या तालमींसाठी रात्री नऊपर्यंत वर्ग उघडा ठेवायला कुणीतरी सर लागतात. वॉचमनशी बोलणारे, प्राचार्यांकडून परवानगीची सही आणणारे, मुलीला घरी पोचवायची सोय झाली का, हे विचारणारे. आमचे तर्कशास्त्राचे सर तास संपल्यावर आमच्याबरोबर टेकडी चढायचे आणि वर्गात अर्धवट राहिलेला वाद वरपर्यंत पुरायचा. आमच्या आधीच्या दहा तुकड्यांनाही ते असेच घेऊन गेले होते. आपल्याला लाभलेला शिक्षक आपल्या ताईदादांनाही लाभलेला असणं, ही कॉलेजमधली फार मोठी श्रीमंती आहे.

आज महाराष्ट्रातल्या कितीतरी महाविद्यालयांत ही श्रीमंती संपत आली आहे. पूर्णवेळ जागा रिकाम्या आहेत आणि तास घेताहेत ‘तासिका तत्त्वावर’ नेमलेले प्राध्यापक. नेट, सेट, पीएच.डी. सगळं झालेली ही माणसं. पैसे मिळतात ते घेतलेल्या तासांचे. सुट्टीत काहीच नाही, आणि पुढच्या वर्षी बोलावतील याची शाश्वती नाही. माझ्या ओळखीचा असा एक तरुण दोन कॉलेजांत इतिहास शिकवतो. एक तास आटोपून दुचाकीवरून दुसरं कॉलेज गाठायचं, तिथला आटोपून परत. मुलं प्रश्न विचारायला थांबतात तेव्हा त्याचं लक्ष घड्याळाकडे असतं आणि त्याचं त्याला फार वाईट वाटतं.

आगरकरांचा दाखला देऊन कुणी या तरुण प्राध्यापकांना त्याग शिकवू लागलं की मला संताप येतो. आगरकरांनी ७५ रुपये स्वतः निवडले होते. त्याच्या बदल्यात २० वर्षांची हमी होती, कारभारात मत होतं आणि मनातलं बोलायची मुभा होती. या तरुणाच्या वाट्याला तुटपुंजे पैसे तेवढे आले. हमी, मत, मुभा यांतलं काहीच आलं नाही. परवडत नाही म्हणून असं करावं लागतं, हे उत्तर मी ऐकलं आहे. आजीव सदस्यांनाही परवडत नव्हतं. म्हणून ते दारोदार पैसे मागत फिरले, शिक्षक कमी केले नाहीत.

आता प्रवेशांचे दिवस येतील. पालक कॉलेज पाहायला जातील तेव्हा वसतिगृह, वायफाय, प्लेसमेंट यांची चौकशी करतीलच. तिथल्या कार्यालयात त्यांनी आणखी एक चौकशी करावी. मराठीला, इतिहासाला, तत्त्वज्ञानाला पूर्णवेळ शिक्षक किती आहेत आणि ते इथं किती वर्षांपासून आहेत? उत्तर लेखी मागावं. पुरेसे पालक विचारू लागले, तर हे आकडे माहितीपत्रकात छापावेच लागतील.