मोत्याची शाळा



धार आणि देवास ही आमच्या माळव्यातील दोन्ही गावे पवारांची. अठराव्या शतकात पवारांबरोबर जी मराठी कुटुंबे इकडे आली, त्यांच्या वंशजांच्या घरी अद्यापि मराठी बोलली जाते. परंतु मुले नोकरीनिमित्त इंदूरला, पुण्याला, परदेशी गेली. जुन्या घरांत म्हातारी माणसे तेवढी उरली. त्यांपैकी काहींचा मुक्काम अखेर वृद्धाश्रमात पडतो.

अशा एका आश्रमात आमचे नेहमी जाणे असते. तेथे एक आजी होत्या. कित्येक महिने त्या कोणाशी बोलत नसत. आम्ही फळे नेत असू, विचारपूस करीत असू. त्या फळे उशाशी ठेवीत आणि भिंतीकडे तोंड करून निजत.

आमच्या ओळखीच्या एका तरुणाने एकदा विचारले, “फादर, आमच्या मोत्याला तेथे घेऊन येऊ का? तो फार मायाळू आहे.” आम्ही घाईने होकार दिला. चूक आमचीच. दालनात कोणाची तरी काठी फरशीवर पडली, मोत्या दचकून उसळला आणि त्याचे नख एका आजोबांच्या हाताला लागले. वृद्धांची कातडी पातळ. त्यात आजोबांना रक्त पातळ करण्याचे औषध चालू. रक्त लवकर थांबेना. व्यवस्था पाहणाऱ्या बाई रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, “फादर, कुत्रा वाईट नाही. त्याला शिकविलेले नाही.”

मग आम्ही या विषयावर वाचू लागलो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात दीर्घकाळच्या रुग्णास लहानसा पाळीव प्राणी उत्तम सोबती ठरतो, असे एकोणिसाव्या शतकातच नमूद केले होते. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी १९६१ साली विद्वानांच्या परिषदेत सांगितले की, आपल्याशी न बोलणारी मुले आपल्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याच्या सोबतीत बोलती होतात. तेव्हा काहींनी त्यांची थट्टा केली. पुढे इलेन स्मिथ या अमेरिकन परिचारिकेने इंग्लंडात एका धर्मोपदेशकास आपल्या कुत्र्यासह रुग्णांना भेटताना पाहिले, आणि मायदेशी परतून १९७६ साली अशा कुत्र्यांची संस्था स्थापिली. आपल्याकडे मुंबईत ॲनिमल एंजल्स फाउंडेशन ही संस्था हे कार्य करते.

या कामास जातिवंत कुत्राच लागतो असे नाही. लागतो तो शांत स्वभाव, आणि बहुधा निदान एक वर्षाचे वय. अमेरिकेत १९८९ पासून पाळीव कुत्र्यांची दहा कलमांची एक परीक्षा घेतात. अनोळखी माणूस जवळ आला असता स्वस्थ राहणे, अंगावरून हात फिरवू देणे, साखळी न ताणता चालणे, गर्दीतून जाणे, ‘बस’ म्हणताच बसणे, हाक मारताच येणे, दुसरा कुत्रा दिसला तरी न झेपावणे, मोठ्या आवाजाने न घाबरणे, मालक तीन मिनिटे दृष्टीआड झाला तरी न ओरडणे, अशा गोष्टी तीत पाहतात. वृद्धाश्रमासाठी याखेरीज चाकांची खुर्ची, कुबड्या व खोकल्याची उबळ यांची सवय करावी लागते, आणि खाली पडलेली गोळी वा अन्न ‘सोड’ म्हणताच सोडण्याचीही. रेबीजची लस वेळच्या वेळी टोचलेली हवी, नखे कापलेली हवीत, अंग स्वच्छ हवे.

तो तरुण इंदूरच्या एका श्वानशिक्षकाच्या सल्ल्याने कामास लागला. मारून शिकविणे मुळीच नाही. जमले की लगेच खाऊ आणि शाबासकी. मार खाल्लेला कुत्रा भीतीने गप्प बसतो, आणि भ्यालेला कुत्राच चावतो. घरी रोज काठी पाडावयाची, आधी दूर, मग जवळ. तरुणालाही शिकावे लागले. कुत्रा वारंवार जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, तोंड फिरवू लागला, की तो त्रासला आहे असे समजून त्याला बाहेर न्यावयाचे.

आठ महिन्यांनी मोत्या पुन्हा आश्रमात आला. प्रथम त्या आजोबांची परवानगी घेतली. नंतर तो आजींच्या खाटेशी जाऊन बसला. बराच वेळ काही घडले नाही. मग आजी वळल्या आणि म्हणाल्या, “हा जेवला का रे?”

उशाखालून त्यांनी सकाळची अर्धी पोळी काढली. मोत्याने मालकाकडे पाहिले. त्याने “घे” म्हटल्यावरच मोत्याने ती अलगद ओठांनी घेतली. आजींच्या बोटांना दात लागला नाही.

संत रोक यांच्या मूर्तीपाशी तोंडात भाकरी धरलेला कुत्रा आपण सर्वांनी पाहिला आहे. तेथे कुत्रा रुग्णास भाकरी देतो. येथे उलट झाले, आणि आमचे डोळे उघडले. आम्ही त्या आजींना इतके दिवस काही ना काही देतच होतो. त्यांच्याजवळही देण्यासारखे काही असेल, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. दुसऱ्यास भरविण्यात जिचा जन्म गेला, तिला नुसते घेत पडून राहावे लागणे हे केवढे दुःख!

आजींचे सर्व दुःख सरले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांचा मुलगा अद्यापि आलेला नाही, आणि ती उणीव कोणताही कुत्रा भरून काढणार नाही. परंतु मंगळवारी मोत्या येतो हे त्यांस ठाऊक असते, आणि त्या दिवशी अर्धी पोळी राखून ठेवलेली असते.

म्हणून वाचकहो, येत्या रविवारी घरातील वा शेजारच्या एखाद्या वृद्धाकडे जा. घाई करू नका. थोडा वेळ नुसते बसा, आणि ते जे देतील, चहा असो की जुनी गोष्ट, ते आनंदाने घ्या.