भांड्यांच्या कपाटाआधी

धनत्रयोदशीला घरात एखादे नवे भांडे यावे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि ती मोडावी असे मी म्हणणार नाही. परंतु बिदर, भालकी, बसवकल्याण, आळंद किंवा कलबुर्गीच्या बाजारातून त्या दिवशी जे घरी येते, त्यातले पुष्कळसे पुढच्या दिवाळीपर्यंत कपाटातच असते. आणि रोजचे वरण? दाणा निराळा, पाणी निराळे! भगिनींनो, नवा कुकर घेण्यापूर्वी हा दोष कोठून येतो ते पाहिलेले बरे.

बिदरकडची मुलगी शहाबाद-वाडीकडे सून म्हणून जाते. माहेरी ज्या डाळीला दोन शिट्या पुरत होत्या, तिला सासरी चारही पुरत नाहीत. मग ‘मुलीला साधे वरण करता येत नाही’ असा शेरा ठरलेला. वास्तविक दोष बहुधा तिच्या हाताचा नसतो, पाण्याचा असतो. त्या भागातली जमीन चुनखडीची. आपण घराघरांत बसवतो ती शहाबादी फरशी म्हणजे तोच दगड, आणि वाडी, शहाबाद, सेडमला सिमेंटचे कारखाने उभे राहिले तेही त्याच दगडावर. या खडकातून झिरपलेल्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. डाळीच्या पेशींना सांधणारा जो चिकट अंश असतो, त्याला हा चुना घट्ट करतो. म्हणून डाळ फुटत नाही.

उपाय स्वस्त आहे. पाणी खळखळून उकळावे, रात्रभर निवू द्यावे आणि वरचे निवळ पाणी अलगद ओतून घ्यावे. पातेल्याच्या बुडाशी जो पांढरा थर राहतो, तो डाळीत जाणार होता हे ध्यानात घ्यावे. सगळा जडपणा याने जात नाही, पण फरक पडतो. घरात पाण्यातले क्षार काढणारे यंत्र असेल, तर पिण्याबरोबर वरणालाही तेच पाणी वापरावे. त्यात उधळेपणा नाही. डाळ अर्धा तास भिजवावी. चिमूटभर सोड्याने डाळ लवकर मऊ होते खरी, परंतु तिच्यातले ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. तो मार्ग मला पसंत नाही.

दुसरी गोष्ट डाळीचीच. या जिल्ह्याच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शहराचे नाव २०१४ मध्ये बदलले असले, तरी मानांकन ‘गुलबर्गा तूर डाळ’ याच नावाने आहे. आणि आपण मात्र दुकानात डाळीची चकाकी तेवढी पाहतो! त्या चकाकीसाठी डाळीवर अनेकदा तेल-पाण्याचा हात फिरवलेला असतो. त्याने चव तिळमात्र वाढत नाही. पौष-माघात नवी तूर बाजारात येते. ओळखीच्या गिरणीतून बिनचकाकीची डाळ तेव्हा घ्यावी, उन्हे देऊन कोरड्या डब्यात भरावी. डाळ जुनी होईल तशी शिजायला हट्टी होते. तूर भिजवून, लाल माती लावून भरडलेली डाळ चवीला सरस, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्या बायका अजून आहेत. मी त्यांच्या बाजूची आहे, पण ती शिजायला वेळ घेते हे मान्य करायला हवे.

या सगळ्याची परीक्षा होते ती अंबाडीच्या भाजीत. तूरडाळ, जोंधळ्याच्या कण्या आणि अंबाडी एकदम चढवली, की आंबटपणामुळे डाळ तशीच कडक राहते. आधी डाळ आणि कण्या मऊ शिजू द्याव्यात, अंबाडी निराळी उकडून मागाहून मिसळावी. चिंचेचेही तसेच. आणि भाजी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात नको. आंबट पदार्थ त्या धातूला खातो. आजीचे पितळी पातेले असेल तर आधी त्याला कल्हई करून घ्यावी. कल्हईवाला आता दारावर येत नाही, तेव्हा शोधावा लागेल. नाहीतर जाड बुडाचे स्टेनलेस स्टील पुष्कळ चांगले.

भाजीवर लसणाची फोडणी हवी ती करडईच्या तेलाची, घाण्यावरच्या. शुद्धीकरण केलेल्या तेलाला तो वास राहत नाही. मात्र हे तेल लवकर खवट होते, म्हणून महिन्यापुरतेच आणावे, घट्ट झाकणाच्या बरणीत, उजेडापासून दूर ठेवावे.

खर्चच करायचा तर तव्यावर करावा. पातळ तव्यावर भाकरी एका जागी करपते आणि दुसऱ्या जागी कच्ची राहते. जाड लोखंडी वा बिडाचा तवा उष्णता धरून ठेवतो, भाकरी सारखी फुगते. न चिकटणारा लेप दिलेला तवा भाकरीसाठी घेऊ नये. कोरडा आणि रसरशीत तापलेला तवा हे त्या लेपाचे काम नव्हे. (बीड म्हणजे ओतीव लोखंड, आपल्या बिदरीशी त्याचा संबंध नाही. बिदरी जस्ताची असते. आहेरात आलेल्या बिदरी वाडग्यात कोणी लोणचे वाढू नये!) पीठही पंधरवड्यापुरतेच दळून आणावे. शिळ्या पिठाची भाकरी थापताना चिरा पडतात, मग तवा कितीही चांगला असो.

ओट्यावर शहाबादी फरशी असेल तर चिंच, लिंबू, अंबाडी यांचे पाणी सांडताच पुसून घ्यावे. चुन्याचाच दगड तो, पांढरे डाग धरतो.