भांडण नको, जॉब कार्ड मागा

नवी गाडी कुरकुरायला लागली की आपल्याकडे सहसा दोनच गोष्टी होतात. एक तर शोरूममध्ये जाऊन आवाज चढवायचा, नाही तर ओळखीच्या पुढाऱ्याकडून फोन लावायचा. दोन्हींनी घटकाभर बरं वाटतं, गाडी मात्र आहे तशीच राहते. तिसरा रस्ता लेखी तक्रारीचा आणि ग्राहक आयोगाचा. तो स्वस्त आहे आणि वाशीमच्या माणसासाठी वाशीममध्येच आहे. पण त्या रस्त्याची शिदोरी पहिल्या दिवसापासून बांधावी लागते. दोष आहे की नाही यावरच वाद असतो, तेव्हा कोण किती जोरात बोललं याला किंमत नसते. पहिल्या काही महिन्यांत कागदावर काय आलं, त्यावर आपली बाजू उभी राहते किंवा पडते.

पॉवर विंडोची मोटर जळाली तर कंपनी ती वॉरंटीत बदलून देते, तिथे फारसा वाद होत नाही. वाद होतो तो गाडी चढावर दम टाकते, गिअर अडकतो, मध्येच दिवा लागतो, आणि वर्कशॉपमध्ये नेली की शहाण्यासारखी चालते तेव्हा. मग ऐकायला मिळतं: ‘सगळ्याच गाड्यांना असा आवाज येतो’, ‘तुमची चालवायची पद्धत चुकते’, ‘डिझेलमध्ये भेसळ असेल’.

यातलं काही खरंही असू शकतं, हे आपणही मान्य केलं पाहिजे. एक उदाहरण घ्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्सचे नियम लागू झाले. या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जळून जायला धूर पुरेसा तापावा लागतो आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. रोज घर ते दुकान, दुकान ते मशीद अशी दोन-तीन किलोमीटरच फिरणारी गाडी असेल, तर काजळी साठते, दिवा लागतो, ताकद कमी होते. शोरूम म्हणतं, दोष नाही, वापर चुकीचा. पण विकताना हे सांगितलं होतं का? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला आवश्यक असलेली माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा सेवेतली त्रुटी आहे. म्हणजे यंत्रात दोष निघाला नाही, तरी प्रश्न संपत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ‘ॲप चालत नाही’ एवढ्याच तक्रारीवर आमच्याकडे काही होत नाही. कोणता फोन, काय दाबल्यावर, कितीदा, पडद्यावर काय आलं, हे लिहून आलं की मग टाळायला जागा उरत नाही. गाडीचंही तसंच आहे. ‘पिकअप नाही’ असं मोघम सांगू नका. इंजिन थंड होतं की गरम, कितवा गिअर, किती माणसं, किती किलोमीटरला दिवा लागला, हे लिहा. सर्व्हिस ॲडव्हायझर जॉब कार्डवर ‘जनरल चेकअप’ लिहून मोकळा होतो. सही करण्याआधी तिथे तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा आणि प्रत घ्या. ‘काही आढळलं नाही’ म्हणाले तर तेही लिहून घ्या. स्कॅनरवर एरर कोड आला तर त्याची प्रिंट मागा. किलोमीटरचा आकडा दिसेल असा व्हिडिओ काढा. त्याच दिवशी विक्रेत्याला आणि कंपनीला ईमेल करा. एकच तक्रार चार जॉब कार्डांवर असेल, तर ‘सगळ्याच गाड्यांना असं होतं’ हे उत्तर टिकवणं त्यांना जड जातं.

आणखी एक. आपल्या मोहल्ल्यात गॅरेजवाले भाऊ पुष्कळ आहेत आणि त्यांच्या कानाला आवाजावरून आजार कळतो. त्यांचं मत जरूर घ्या, पण वॉरंटीतली गाडी त्यांच्याकडे उघडू नका. कंपनीला तेवढंच निमित्त पुरतं.

आता न्यायालयांनी काय म्हटलं ते पाहू. २००६ च्या मारुतीच्या एका खटल्यात क्लचमध्ये दोष होता आणि खाली अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. वॉरंटीत सदोष भाग बदलण्याचं वचन आहे, गाडीचं नाही, असं सांगून क्लच बदलून द्या आणि ५० हजार रुपये द्या, असा निकाल दिला. पहिल्या दिवसापासून ‘नवी गाडीच पाहिजे’ म्हणून अडून बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पण दोष सुरक्षेचा असेल तर चित्र बदलतं. दिल्लीच्या एका ग्राहकाने २०१५ मध्ये ह्युंदाई क्रेटा घेतली. २०१७ च्या अपघातात तिच्या एअरबॅग उघडल्याच नाहीत. धडक तेवढ्या जोराची नव्हती, असा कंपनीचा बचाव होता. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वेग आणि बलाची गणितं मांडायला ग्राहक काही भौतिकशास्त्रज्ञ नसतो. समोरून धडक बसली तर एअरबॅग उघडेल, एवढीच त्याची साधी अपेक्षा असते. तीन लाखांची भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम राहिला.

तिसरा खटला शेजारच्या गोव्यातला. ग्राहकाने २०११ च्या मॉडेलचे पैसे भरले होते. हाती आली २००९ ची, ६२२ किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली गाडी. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रेत्याची जबाबदारी कायम ठेवली, पण टाटा मोटर्सला मोकळं केलं. विक्रेत्याच्या या करणीची कंपनीला कल्पना होती, हे तक्रारीत मांडलंही गेलं नव्हतं आणि सिद्धही झालं नव्हतं. म्हणून कंपनीला पहिल्यापासून लेखी कळवणं महत्त्वाचं.

वाशीम, रिसोड, कारंजा किंवा मंगरुळपीरचा माणूस गाडी घ्यायला पुष्कळदा अकोला, अमरावती, नागपूर गाठतो. कंपनीचं कार्यालय तर आणखी लांब, चेन्नईला नाही तर गुरुग्रामला. जुन्या कायद्यात तक्रार कुठे करायची हाच मोठा अडथळा होता. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. ५० लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीची प्रकरणं जिल्हा आयोगाकडे येतात. गाडी पाच लाखांपर्यंतची असेल तर शुल्क नाही, दहापर्यंत २०० रुपये, वीसपर्यंत ४०० रुपये. वकील सक्तीचा नाही. ‘ई-जागृती’ पोर्टलवर घरबसल्या तक्रार भरता येते, आणि त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. शोरूमच्या ‘पुढच्या महिन्यात बघू’ मध्ये ही मुदत निघून जाऊ देऊ नका. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर ती करून घ्या, असा अर्ज आयोगाकडे करता येतो. निकालाला कायद्यात लिहिल्यापेक्षा जास्त वेळ लागतो हे खरं आहे, पण कागद पक्के असले की तडजोडीच्या टेबलावरही आपलं वजन राहतं.

गाडी स्वतः चालवून पोट भरणाऱ्यांना ‘तुमचा व्यवहार व्यापारी, तुम्ही ग्राहक नाही’ असं सांगून परतवलं जातं. ते खरं नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने या अपवादातून वगळलेली आहे.

कोर्टकचेरी म्हणजे भांडखोरपणा, सब्र करावा, असं घरचे मोठे सांगतात. त्यांचा आदर राखून म्हणावंसं वाटतं की लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला बाहेरून आलेली नाही. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, मुदतीचं देणंघेणं लिहून ठेवायला आणि साक्षीदार घ्यायला सांगते. फिक्हमध्ये ‘खियारे-ऐब’ आहे. वस्तूत लपलेला दोष निघाला तर व्यवहार मोडण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. आणि दोष कळल्यावरही काही न बोलता वापरत राहणं हा होकार समजला जातो. ओल्या धान्यावर कोरडं धान्य ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला पैगंबरांनी (स.) भर बाजारात हटकलं होतं. सब्र म्हणजे हक्क सोडून देणं नव्हे.

आपण हक्कांबद्दल बोलतो तेव्हा आरक्षण, सुरक्षा, प्रतिनिधित्व हे विषय येतात, आणि यायलाच हवेत. पण नागरिक म्हणून आपली रोजची गाठ सरकारपेक्षा जास्त दुकानाशी, बँकेशी, विमा कंपनीशी पडते. आयोगाच्या खिडकीवर तक्रार घेताना पावती पाहतात, आडनाव नाही. कोणाच्या घरची गाडी सोयाबीनच्या पैशातून येते, कोणाच्या घरची आखातातल्या भावाच्या कमाईतून. ती ‘जाऊ दे’ म्हणून सोडायची चीज नाही.

म्हणून एक सूचना. वस्तीतल्या वाचनालयात किंवा मशिदीच्या हॉलमध्ये आठवड्यातून एक तास ठेवू या. कायदा शिकणारा एक, मोबाइल-लॅपटॉप हाताळणारा एक, गाड्यांतलं कळणारा एक, एवढे तिघे पुरेत. लोकांनी जॉब कार्डं आणावीत, या तिघांनी ती तारखेप्रमाणे लावावीत, ईमेल लिहून द्यावेत, गरज पडली तर पोर्टलवर तक्रार भरून द्यावी. सुरुवात स्वतःच्या घरापासून करा. घरातल्या गाडीची फाइल काढा आणि जॉब कार्डांवर तुमची तक्रार खरंच लिहिली आहे का, ते बघा.