कांदोळीच्या पाण्याची मोजणी

काळेवाडीजवळून वाहणारी पवना अखेर कृष्णेतून बंगालच्या उपसागरास मिळते. आपल्या गाड्या-कारखान्यांच्या धुराला मात्र खोरे नसते. मानवाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे पाव हिस्सा समुद्र शोषतो. त्यामुळे पाण्याची आम्लता वाढते आणि तिसऱ्या-कालवांना कवच घडविणे जड जाते.

ही वाढ मोजणे किनाऱ्यालगत कठीण आहे. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात कांदोळीसमोर गेल्या शतकाच्या अखेरीपासून नमुने घेत आली आहे. पावसाळा सरताना तेथे तळाचे पाणी प्राणवायूला मुकते, कुजणाऱ्या द्रव्यातून कार्बन वाढतो व पीएच आपोआप उतरतो. ऋतूंचा हा चढउतार वेगळा काढल्याखेरीज धुराचा वाटा कळत नाही. त्यास दशकांची सलग नोंद लागते. अशा कामाला उद्घाटनाची फीत नसते. म्हणूनच त्याच्या निधीचा प्रश्न लोकप्रतिनिधींना आपणच विचारला पाहिजे.