वहीतली चित्रं बाहेर काढा

रविवारी सकाळी गोदाघाटावर कुणी ना कुणी चित्रवही मांडीवर घेऊन बसलेलं दिसतं. समोर नारोशंकराचं देऊळ, रामकुंडावरची गर्दी, फुलवाल्या. चित्रकार शिवाजी तुपे यांनी जलरंगांत रंगवलेला हा घाट नाशिककरांच्या ओळखीचा आहे. हौशी हातांनी काढलेली चित्रं मात्र बहुधा वहीतच राहतात. दाखवायची म्हटलं की हात आखडतो.

याला आपलं बोलणंही जबाबदार आहे. शाळेत असताना दिलेल्या चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत श्रेणी कळते. चित्र नेमकं कुठे फसलं ते कळत नाही. घरचे ‘वा, छान!’ म्हणतात, जाणकार नुसतीच मान हलवतात. चित्रकाराच्या हाती काहीच लागत नाही. ‘घाट सपाट वाटतो’ एवढ्यावर न थांबता ‘दूर जाणाऱ्या पायऱ्यांच्या रेषा डोळ्यांच्या पातळीवर एका बिंदूकडे ने’ असं सांगितलं, तर पुढचं चित्र सुधारतं. ‘पाणी निर्जीव दिसतं’ म्हणण्यापेक्षा ‘कागद कोरा कुठे सोडायचा ते रंग लावण्याआधी ठरव’ म्हणावं. विचारणाऱ्यानेही ‘कसं झालंय?’ असं मोघम न विचारता ‘देवळाची सावली पटते का?’ असं विचारावं.

या अंकापासून एक पान वाचकांच्या चित्रांसाठी राखलं आहे. प्रत्येक चित्राखाली काय साधलं आणि पुढे काय करून पाहावं, हे जाणकार लिहितील. अपुरी चित्रंही चालतील. अट एकच: सल्ला वाचून तेच दृश्य पुन्हा काढून पाठवायचं. दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी छापू.