'डॉक्टर हू'ची पाटी कोरी करायची कशासाठी?

१/ साठ वर्षांचा पसारा नव्या प्रेक्षकाला पेलणार नाही, म्हणून 'डॉक्टर हू'ची कथा पहिल्यापासून मांडावी, असे म्हटले जाते. मालिकेचा इतिहासच हा युक्तिवाद खोडून काढतो.

२/ बीबीसीवर ती १९६३ मध्ये सुरू झाली. १९६६ मध्ये नायक विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळली, तेव्हा पात्राचाच कायापालट दाखवून पॅट्रिक ट्राउटन आले. देह बदलला, स्मृती टिकली.

३/ १९८९ मध्ये खंडित झालेली मालिका २००५ मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी जुना धागा न तोडता परत आणली. नव्या पिढीने तिला डोक्यावर घेतले.

४/ बीबीसीने एकेकाळी जुन्या भागांच्या फिती पुसल्या. कित्येक भाग आजही बेपत्ता आहेत. फिती गेल्या, आता कथाही पुसायची? कथा थकली असेल, तर लेखक बदलावा, वारसा नव्हे.