काटा खरं बोलतो का?

30 मे 2024 रोजी रामदासपेठ परिसरातल्या हवामान खात्याच्या स्वयंचलित यंत्राने 56 अंश तापमान दाखवले आणि नागपूर पेटले म्हणून देशभर बातमी झाली. दुसऱ्या काही यंत्रांवर तेव्हा 44 च्या आसपास आकडा होता. खात्याने मग खुलासा केला की सेन्सर बिघडला होता. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूरला 52.9 दिसले, तिथला सेन्सरही 3 अंश जास्त दाखवत होता असे तपासणीत निघाले.

ज्यांच्या घरची चूल टॅक्सी, शाळेची व्हॅन, छोटा हत्ती नाहीतर जुन्या जीपवर पेटते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. पुष्कळ गाड्यांत इंजिनच्या गरमपणासाठी आणि ऑइल प्रेशरसाठी नुसता लाल दिवा असतो. ऑइलचा दिवा लागतो तेव्हा प्रेशर अर्ध्या किलोच्याही खाली गेलेले असते. तोवर बेअरिंग घासायला लागलेली असतात. हप्ता चालू असताना इंजिनचे काम निघाले की घरात काय होते ते आम्ही सांगायला नको.

रामदासपेठेत दवाखानेच दवाखाने. पेशंट आत असतो आणि गाडी बाहेर एसी चालू ठेवून तासभर उभी. उभ्या गाडीला वाऱ्याचा झोत नसतो, सगळा भार पंख्यावर. मे महिन्यात पंख्याचा फ्यूज गेला तर दिवा पेटेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. काटा मात्र आधीच चढू लागतो. म्हणून आमचे मत असे की पैसे एकाच मीटरचे असतील तर पहिला टेंपरेचरचा घ्यावा, दुसरा ऑइल प्रेशरचा. ऑइलच्या गरमपणाचा तिसरा मीटर शौकीन लोक लावतात. आपल्याला त्याची गरज नाही.

मीटर दोन जातींचे. एकात ऑइल बारीक नळीने थेट डॅशबोर्डपर्यंत येते. काटा चांगला दाखवतो, पण नळी फुटली तर उकळते ऑइल चालकाच्या पायावर. माणसे बसवायच्या गाडीत हा नको. दुसरा विजेचा, इंजिनवर सेन्सर आणि आत फक्त वायर. टेंपरेचरच्या जुन्या पद्धतीच्या मीटरला तांब्याची बंद नळी असते. ती लांब वाटली तर गुंडाळून ठेवावी, कापली की मीटर फुकट गेला.

सेन्सर आणि मीटर एकाच जोडीचे घ्या. एका कंपनीचा सेन्सर 10 ते 180 ओहमवर चालतो, दुसऱ्याचा हिशेब वेगळा. दुकानदार ‘चालून जाईल’ म्हणतो. चालतेही, फक्त काटा खोटे बोलतो.

आणल्यावर घरीच परीक्षा घ्या. गंजात पाणी उकळा (दुधाचा गंज नको, बाई रागावतील), नव्या टेंपरेचर सेन्सरचे टोक पाण्यात बुडवा, त्याच्या धातूच्या अंगाला बॅटरीची निगेटिव्ह जोडा आणि मीटरला लाइन द्या. नागपुरात पाणी 99 अंशांच्या आसपास उकळते. काटा 85 किंवा 115 दाखवू लागला तर बिल घेऊन परत जा.

बसवताना इंजिन थंड पाहिजे. ऑइलच्या सेन्सरसाठी ‘टी’ लावून घ्या, म्हणजे मूळचा लाल दिवाही राहील. तो काढायला मिस्त्रीने कितीही सांगितले तरी काढू नका, कारण चालकाची नजर रस्त्यावर असते, काट्यावर नाही. आटे आधी हाताने फिरवून पाहा, जबरदस्तीने पाना मारला तर ब्लॉकचे आटे जातात. प्लंबरची पांढरी टेप भरमसाठ गुंडाळू नका. एका वायरच्या सेन्सरला अर्थिंग ब्लॉकमधूनच मिळते, टेपने ते तुटले की काटा मरतो. लाइन चावीवरची घ्या, तीत छोटा फ्यूज टाका, आणि पत्र्यातून वायर नेताना भोकात रबरी बुश बसवा.

टेंपरेचरचा सेन्सर थर्मोस्टॅटच्या इंजिनकडच्या बाजूला, पाण्यात बुडेल असा हवा. इथे एक धोका आहे. पाणी गळून गेले की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चढायच्या ऐवजी खाली येऊ शकतो. चढलेला काटा एकाएकी उतरला म्हणून खूश होऊ नका, गाडी बाजूला घ्या. वाफ दिसली किंवा ऑइलचा दिवा लागला तर त्याच क्षणी इंजिन बंद. रेडिएटरचे झाकण मात्र गार होईपर्यंत उघडायचे नाही. दाबामुळे आतले पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झाले की तेच तोंडावर येते.

1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाडीत वायर कापू नका, वॉरंटीचे भांडण होईल. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला छोटे यंत्र जोडले की पाण्याचे तापमान वाचता येते. ऑइल प्रेशर तिथे सहसा मिळत नाही.

किती असावे? पाणी साधारण 80 ते 95. ऑइलचा मिस्त्री लोकांचा ठोकताळा आहे, दर हजार फेऱ्यांमागे 10 पौंड. सकाळी थंड इंजिनवर काटा वर, दुपारी तापल्यावर खाली, हे बरोबरच आहे. आकड्यापेक्षा सवय ओळखा. दर आठवड्याला, गाडी पूर्ण तापलेली आणि जागेवर चालू असताना, प्रेशर वहीत लिहा. महिन्याभरात 20 चे 12 झाले तर ऑइल पातळ झाले असेल किंवा बेअरिंग घासली असतील.

दुसऱ्याची गाडी पगारावर चालवणाऱ्यांनी ही वही जरूर ठेवावी. ‘चालव रे, काही होत नाही’ म्हणणारा मालक इंजिन बसले की चालकाच्या पगारातून कापायला बघतो. तारीख, किलोमीटर, काट्याचा आकडा आणि ‘मालकाला सांगितले’ एवढे चार रकाने पुरेत. वहीवर मालकाची सही मिळाली तर उत्तमच, नाही मिळाली तर त्याच दिवशी त्याला मोबाइलवर संदेश पाठवून ठेवा.